काजऱ्याच्या बीतले धागे

मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की सर टेबलाशी येऊन उभे राहत आणि म्हणत, "जिकडं जास्त, तिकडून कमीकडं." मग माझ्या डब्यातली निम्मी भाजी त्यांच्या डब्यात जाई आणि त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात येई. त्यांच्या डब्यात बाराही महिने चटणीच असे. त्यामुळे हा निसर्गनियम पाळताना फायदा नेहमी एकाच बाजूचा होई. भूगोलाच्या शिक्षकांनी एकदा हे त्यांना तोंडावर सांगितलं. सर शांतपणे त्यांच्या पुरणपोळीचा अर्धा तुकडा उचलत म्हणाले, "तक्रार निसर्गाकडं करा."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि साताऱ्याच्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. लढाईचे दिवस होते. सर वनस्पतिशास्त्र शिकवत आणि निवृत्तीला आले होते. अंगात खादीचा बंद गळ्याचा कोट, खिशात कायम एक कांदा. कांद्याच्या पापुद्र्यात पेशी फार स्वच्छ दिसतात, म्हणून तो सतत हाताशी लागे. शाळेतल्या कुणालाही ते नावाने हाक मारत नसत. मी 'रसायन', पलीकडे 'भूगोल', 'संस्कृत', आणि हेडमास्तर इंग्रजी शिकवत म्हणून 'इंग्रजी'. हेडमास्तरांना हे मुळीच आवडत नसे. पण सर त्यांना तोंडावरही "अहो इंग्रजी" म्हणत, आणि त्यात खोडी नसून केवळ वर्गीकरण आहे हे दिसत असल्यामुळे हेडमास्तरांना रागावता येत नसे.

सरांच्या आयुष्यात विषय एकच होता, पेशी. त्यातही खरं म्हणजे पेशी नव्हे, दोन पेशींच्या मधली भिंत. नेमलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की वनस्पतीची पेशी म्हणजे चारी बाजूंनी भिंतींनी बंद केलेली खोली. हे वाक्य आलं की सर पुस्तक मिटत आणि म्हणत, "हे लिहिणाऱ्याला शेजारी नसावेत." मग ते फळ्यावर दोन चौकोन काढत, मध्ये जाड भिंत काढत, आणि त्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या सात सरळ रेघा. त्या रेघा म्हणजे धागे. एका पेशीतलं जिवंत द्रव्य त्या धाग्यांनी दुसरीतल्या द्रव्याला जोडलेलं असतं. पानात तयार झालेली साखर त्यातून सरकते, आणि एका टोकाला झालेली इजा दुसऱ्या टोकाला कळते. "झाड म्हणजे खोल्यांची रांग नव्हे बाळांनो, झाड म्हणजे एक कुटुंब आहे," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा घोगरा होई. मुलं मात्र कोटाच्या खिशातल्या कांद्याकडे बघत बसत.

जो माणूस एकटा राही, कुणाला काही देईना, कुणाकडून घेईना, त्याला सरांच्या भाषेत 'अमीबा' म्हणत. "पेशी एकटी राहिली की अमीबा होते. अमीबाला शेजार नाही. तो काय करतो? नुसतं पोट भरतो." पोस्टमास्तर अमीबा होते. दार लावून जेवणारे संस्कृतचे शिक्षक अर्धवट अमीबा होते. मी साताऱ्यात आल्यावर पहिले पंधरा दिवस खानावळीतून थेट खोलीवर जात असे, तेव्हा मीही अमीबा होतो असं मला नंतर कळलं.

त्या वर्षी शाळेच्या तपासणीला पुण्याहून इन्स्पेक्टरसाहेब आले. सरांच्या दृष्टीने ही तपासणी महत्त्वाची होती. त्यांना पंचावन्न पूर्ण होत होती आणि साहेबांनी शिफारस केली तरच दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. पगारासाठी त्यांना ती नको होती. औंधला त्यांचं स्वतःचं घर होतं, पोटापुरती जमीन होती. पण सूक्ष्मदर्शक शाळेचा होता. "रसायन, नोकरी सुटली की यंत्र सुटेल हो," ते मला म्हणाले, "आणि मी अजून धागे पाहिलेले नाहीत."

मला धक्काच बसला. जे धागे ते तीस वर्षं फळ्यावर काढत होते ते त्यांनी स्वतः कधी पाहिलेच नव्हते. तरुणपणी कॉलेजच्या एका ग्रंथात त्यांनी वाचलं होतं की परदेशातल्या कुणा शास्त्रज्ञाला काजऱ्याच्या बीत हे धागे दिसले. काजरा म्हणजे आपल्या कोकणातलं झाड, वैद्य ज्याला कुचला म्हणतात ते. हे सरांच्या मनाला फार लागलं होतं. "बी आमच्या घाटाखालची. ती तिकडं जाते, तिकडच्या माणसाला दिसते, आणि साताऱ्यातल्या माणसाला दिसत नाही?"

तपासणीच्या दिवशी साहेब, हेडमास्तर आणि मी वर्गाच्या मागे बाकावर बसलो. पुस्तकातला धडा शिकवा, असं हेडमास्तरांनी सरांना आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. सरांनी बाकं बाजूला सारली होती, जमिनीवर खडूने चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनात एक मुलगा उभा केला होता. दाराशी मूळ, खिडकीशी पान. पानाजवळ गुळाच्या खड्यांची परात. खडे हातोहात मुळापर्यंत पोचवायचे, चौकोनाबाहेर पाय टाकायचा नाही.

परातीतून चाळीस खडे निघाले. दाराशी एक पोचला, तोही चाटलेला.

"मास्तर, गूळ कुठं गेला?" साहेबांनी विचारलं.

"वाटेत खर्च झाला," सर आनंदाने म्हणाले. "साहेब, हाच तर धडा आहे. प्रत्येक पेशी आपल्या पोटापुरतं ठेवते आणि उरलेलं पुढं सरकवते."

"उरलेलं काही दिसत नाही."

"मुलं सकाळपासून उपाशी आहेत. दुष्काळातलं झाड समजा."

त्यानंतर त्यांनी लाजाळूचा प्रयोग केला. एका पानाला बोट लावलं की शेजारची पानं कशी मिटतात हे दाखवण्यासाठी पहिल्याने दुसऱ्याला हळूच चिमटा काढायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं ठरलं होतं. पण प्रत्येकाने आपल्याला बसला त्याहून थोडा जास्त पुढे दिला. आठव्या पेशीपर्यंत गुद्दा झाला आणि बाराव्या पेशीने तेराव्या पेशीला खाली पाडलं. हेडमास्तर उठून उभे राहिले. साहेब मात्र हसत होते, माणूस वाईट नव्हता.

धडा संपल्यावर ते म्हणाले, "मास्तर, पुस्तकात नाही ते तुम्ही शिकवता. भिंतीतून धागे जातात म्हणता. तुम्ही पाहिलेत?"

"नाही," सर म्हणाले.

"मग मुलांना कशाच्या जोरावर सांगता? मी तासगाव, शिराळा करून पंधरा दिवसांनी परत येतोय. मला दाखवा. दाखवलंत तर शिफारस लिहीन. नाही तर पुस्तकात आहे ते शिकवा आणि स्वस्थपणे घरी जा."

मला वाटलं सर खचतील. पण ते घरी गेले आणि पत्नीला, आमच्या काकूंना, म्हणाले, "पंधरा दिवस माझ्याशी बोलू नकोस." काकू म्हणाल्या, "मी बोलत असते ते तुम्हाला ऐकू येतं हे मला आजच कळलं."

काजऱ्याच्या बिया गावातल्या वैद्यांकडून आल्या. बटणासारख्या चपट्या, वर राखाडी मऊ लव. वैद्यांनी देताना तीनदा सांगितलं की विष आहे. सरांनी त्या पाण्यात भिजत घातल्या आणि वाटीवर 'आमटी नव्हे' अशी चिठ्ठी लावली. आता प्रश्न कापण्याचा होता. धागे दिसायला काप इतका पातळ हवा की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. शाळेतला वस्तरा बोथट होता, म्हणून सर गल्लीतल्या न्हाव्याकडे गेले. हा न्हावी चाळिशीचा, बोलका माणूस होता, अर्ध्या साताऱ्याच्या दाढ्या त्याच्या हाताखालून जात.

"आवं सर, ह्यो वस्तरा मानसांचा हाय," तो म्हणाला. "बिया कापाया घरात इळी न्हाई व्हय?"

"विळीनं भाजी होते. मला एका पेशीचा अर्धा भाग कापायचा आहे."

"एका कशाचा?"

सर त्याला शाळेत घेऊन आले. त्याच्या गालाच्या आतल्या बाजूवरून काडी फिरवली, काडीवर आलेलं काचेवर पसरलं, रंग टाकला आणि त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. तो बराच वेळ वाकून उभा राहिला.

"ह्यो मी हाय?"

"तुम्हीच."

"लय गर्दी हाय की." पुन्हा डोळा लावून म्हणाला, "आन् ह्या समद्यांचं एकमेकांत जमतंय?"

"जमतंय म्हणून तुम्ही उभे आहात."

त्यावर त्या माणसाने आपला सगळ्यात चांगला वस्तरा काढून दिला. रोज संध्याकाळी शाळेत यायचं, सहाणेवर आणि चामड्यावर वस्तरा लावून द्यायचा, आणि सकाळी गिऱ्हाइकांसाठी परत न्यायचा, असं ठरलं. देवाणघेवाण झाली म्हणून सर खूश होते. वस्तरा परत जाताना धुतला पाहिजे हे मात्र दोघांनीही गृहीत धरलं, म्हणजे प्रत्येकाने ते दुसऱ्यावर सोडलं.

बुधवारी सकाळी हेडमास्तर हनुवटीला तुरटी लावून आले. सरांनी विचारलं, "इंग्रजी, दाढी कुणी केली?" नाव कळल्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. वस्तऱ्याला काजरा लागला असला तरी अगदी थोडा असणार."

"काजरा?"

"विष. पण फार थोडं. जास्त असतं तर आधी जबडा आखडतो, मग मान, मग पाठ धनुष्यासारखी वाकते." खोटं बोलायचं नाही आणि अर्धवट माहिती द्यायची नाही, अशी सरांची शिस्त होती.

त्या दिवशी वैद्यांनी हेडमास्तरांना वाटीभर तूप पाजलं आणि काही झालेलं नाही असा निर्वाळा दिला. पण हेडमास्तरांचा वैद्यांवर भरवसा नव्हता. दर दोन मिनिटांनी ते तोंड पूर्ण उघडून मिटून बघत. मॅट्रिकच्या वर्गाला वाटलं इंग्रजीतला काहीतरी नवा उच्चार आहे. मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं तर सबंध वर्ग एका तालात तोंड उघडत आणि मिटत होता, आणि हेडमास्तर पांढरेफटक पडून त्यांच्याकडे बघत होते. विष वर्गात पसरलं असं त्यांना वाटलं असावं.

न्हावी संध्याकाळी आला तो कपाळाला हात लावूनच. "सर, तुमी माज्या हातनं हेडमास्तरांचा मुडदा पाडला आसता. खून तुमचा, फाशी मला." पण वस्तरा त्याने परत आणला होता, लखलखीत धुऊन. "कापा. आता पर्त्येक बारीला मी सोता उकळत्या पान्यात बुडवीन."

काप जमू लागले, पण शाळेच्या भिंगाने धागे दिसणं शक्य नव्हतं. तेलात बुडवून बघायचं मोठ्या ताकदीचं भिंग हवं होतं, आणि ते सांगलीच्या कॉलेजात होतं. तिथे सरांचा एक जुना विद्यार्थी शिकवत होता. रविवारी आम्ही दोघं गाडीने सांगलीला गेलो. विद्यार्थ्याने भिंग दिलं, आणि स्टेशनापर्यंत पोचवायला येताना मला हळूच विचारलं, "सर अजून कांदा बाळगतात का?" मी हो म्हटल्यावर त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

परतताना मिरजेच्या फलाटावर हवालदाराने अडवलं. त्या काळी आमच्या जिल्ह्यात भूमिगत मंडळींची धरपकड चालू होती आणि खादीच्या कोटाकडे पोलिसांचं बारीक लक्ष असे. सरांच्या कमरेला धोतरात खोचलेली डबी त्याने उघडायला लावली. आत कापसात पितळेची बोटभर नळी.

"काडतूस हाय का ह्ये?"

"नाही. ह्यातून दोन पेशींमधली भिंत दिसते."

"कुटली भित? जेलाची?"

सरांना एवढं पुरे झालं. त्यांनी खिशातून कांदा काढला, नखाने पापुद्रा सोलला आणि हवालदाराच्या तळहातावर ठेवून सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पाचव्या मिनिटाला हवालदार माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी ह्यांचं कोन?" मी म्हटलं, "सहकारी." त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं आणि म्हणाला, "न्या गड्या ह्यास्नी. गाडी सुटंल."

साहेब यायच्या आदल्या दिवशी चार वाजता ते घडलं. शाळा सुटली होती. सर खिडकीशी सूक्ष्मदर्शक लावून बसले होते. आयोडीन, मग माझ्या कपाटातलं सल्फ्युरिक आम्ल पातळ करून, म्हणजे भिंत फुगते, मग दवाखान्यातून आणलेलं तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध. भिंगासाठी लागणारं तेल लढाईमुळे मिळत नव्हतं, म्हणून एरंडेल. सगळी प्रयोगशाळा बाळंतिणीच्या खोलीसारखी दरवळत होती. सर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मी दोनदा हाक मारली.

"आहेत," ते म्हणाले. बस एवढंच. मग उठून उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा बसले, पुन्हा पाहिलं. मग मला जागा दिली. पण तेवढ्यात ढग आले होते. आरशात उजेड नव्हता. मी खूप वेळ पाहिलं. मला जांभळा चिखल दिसला. "उद्या सकाळी बघा," सर म्हणाले, आणि काप तसाच झाकून ठेवला.

सकाळपर्यंत आम्लाने आपलं काम चालूच ठेवलं होतं. भिंती फुगून फुगून फुटल्या होत्या. काचेवर फक्त जांभळी लापशी उरली होती. सरांनी सात वाजल्यापासून अकरा नवे काप केले. एकही साधला नाही.

साहेब दहाला आले. त्यांनी डोळा लावला, स्क्रू फिरवला, पुन्हा पाहिलं. "मास्तर, मला काही दिसत नाही."

"काल होते," सर म्हणाले. "मी पाहिले."

"आणखी कुणी?"

खोलीत हेडमास्तर, साहेब, सर आणि मी. सरांचा चेहरा बघवेना, एवढंच मला आठवतं. मी म्हणालो, "मी पाहिले, साहेब."

"किती होते?"

"सात."

सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नव्हे, वर्गात एखादं मूल शेजाऱ्याचं उत्तर उतरवताना सापडावं तसं. "साहेब, सात मी फळ्यावर काढतो," ते म्हणाले. "फळ्यावरच्या भिंतीत तेवढेच मावतात. यांनी काही पाहिलेलं नाही. यांनी डोळा लावला तेव्हा उजेड गेला होता."

साहेबांनी रुमालाने बोटाला लागलेलं एरंडेल पुसलं. मग अगदी मायेने म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं तुम्ही एक गोष्ट बघायची म्हणून बसलात. इतकी वर्षं हवीहवीशी वाटलेली गोष्ट माणसाला एक दिवस दिसतेच. असते असं नाही."

शिफारस मिळाली नाही. घरी जाताना राजवाड्यापर्यंत मी सरांची माफी मागत होतो. शेवटी ते थांबून म्हणाले, "रसायन, तुम्ही मला द्यायला निघालात ते तुमच्याजवळ नव्हतंच. आपल्याजवळ नसलेलं पुढं सरकवता येत नाही. पेशीलासुद्धा." थोडं चालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "पण साहेब म्हणाले तसं असेल का हो? मलाच हवं होतं, म्हणून?"

काल माझ्या शब्दाला थोडी किंमत होती, ती मीच सकाळी घालवली होती. आता मी "नाही" म्हटलं असतं तरी त्यांना ते कसं पटलं असतं?

शेवटचे दोन महिने त्यांनी पुस्तक शिकवलं. पेशी म्हणजे चारी बाजूंनी बंद केलेली खोली. चौकोन काढत, भिंत काढत, आणि खडू खाली ठेवत. मुलांना आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटू लागलं. एकाने उठून विचारलं, "सर, धागे?" सर म्हणाले, "परीक्षेला नाहीत." मधल्या सुट्टीत ते आपल्या जागी बसून आपली चटणी खात. भूगोलाचे शिक्षक पुरणपोळी घेऊन त्यांच्या टेबलापर्यंत जात आणि परत येत. मला त्या दिवसांत शाळेत जायला नको वाटे. एप्रिलअखेर त्यांनी काकूंना घेऊन औंध गाठलं.

भिंग माझ्याकडे राहिलं. मी सांगलीला पत्र टाकून मुदत वाढवून घेतली. मे महिन्यात शाळा ओस पडली तेव्हा एक दिवस न्हावी दारात उभा. हातात वस्तरा.

"सर गेल्यापासनं ह्यो नुसता पडून हाय," तो म्हणाला. "तुमी कापनार का?"

"मला कापता येत नाही."

"मला येतंय. तुमी निस्तं किती पातळ त्ये सांगा."

आणि खरंच, त्याच्यासारखा काप सरांनीही कधी घेतला नव्हता. आयुष्यभर कातडी न दुखावता केस काढलेला हात तो. आम्ही दोघं उन्हाळाभर खपलो. तो कापी, मी रंगवी. आम्लाचं प्रमाण चुकून चुकून शेवटी मला कळलं की कुठे थांबायचं. जूनच्या तोंडावर एका सकाळी, उन्ह सरळ आरशावर आलेलं असताना, मी डोळा लावला आणि भिंतीतले धागे मोजू लागलो. मग मी न्हाव्याला जागा दिली. त्याने बघितलं, पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि पुन्हा बघितलं.

पत्राने कळवायची मला लाज वाटली. माझ्या तोंडचं "मी पाहिले" त्यांनी एकदा ऐकलं होतं. म्हणून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसून मी औंधला गेलो. चढावर सगळ्यांना उतरून मोटार ढकलावी लागली. सर ओसरीवर बसले होते. कोट नव्हता, त्यामुळे कांदाही नव्हता. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलात. हे बोलेनासेच झालेत. यमाईच्या डोंगराकडं बघत बसतात."

मी म्हणालो, "सर, मला धागे दिसले."

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या."

"खरंच दिसले."

"बरं." त्यांना माझा मान ठेवायचा होता, एवढंच. मग, केवळ सवयीने असावं, त्यांनी विचारलं, "रंग?"

"जांभळा. भिंत फिकी, धागे गडद."

"हे पुस्तकात आहे. किती होते?"

"मोजता आले नाहीत. एका भिंतीत पन्नासावर गेलो आणि डोळ्यात पाणी आलं. कंगव्याच्या दातांसारखे दाट होते."

"हेही पुस्तकात आहे," ते म्हणाले, पण जरा सावकाश. "सरळ?"

"मधले सरळ होते," मी म्हणालो. "कडेचे नव्हते. भिंतीच्या कडेकडे जावं तसे ते बाहेरच्या अंगाला झुकत होते. पोटात फुगीर आणि टोकांना पुन्हा जवळ आलेले, पिंपाच्या लाकडी पट्ट्या असतात तसे. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग न्हाव्याला विचारलं, त्यालाही तसेच दिसले."

सरांनी कप खाली ठेवला.

"मला त्या दिवशी तसेच दिसले होते," ते म्हणाले. "वाकडे. वाटलं, भिंगाचा दोष असेल, नाही तर माझ्या म्हाताऱ्या डोळ्याचा. म्हणून ते मी साहेबांना सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही."

मग ते उठले, धोतराचा सोगा सावरत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आणि आत चुलीपाशी बसलेल्या काकूंना म्हणाले, "अगं, ऐकलंस का? ते होते."